चार कडव्यांचा साबण

४ मार्च, मंगळवार

निघाली! अंगठी निघाली एकदाची. आधी साबण, मग खोबरेल, मग पुन्हा साबण, आणि शेवटी सिस्टरचा दम— "काका, अंगठीखाली जंतूंची वसाहत असते. ती बोटात राहणार असेल तर पिशवीला तुम्ही हात लावायचा नाही." सेहेचाळीस वर्षं बसली होती. बोटावर पांढरा वळ राहिलाय. हिने पलंगावरून पाहिलं, म्हणाली, "सुटलात एकदाचे!" मी म्हटलं, "बोटातून सुटली, गळ्यात पडलेली कुठे जाते?" हसली. बऱ्याच दिवसांनी.

तर आजपासून मी अधिकृत. हिची मूत्रपिंडं थकली आहेत. पोटात बारीक नळी बसवलीय. पिशवीतलं औषधी पाणी नळीवाटे पोटात सोडायचं, आधीचं बाहेर काढायचं— दिवसातून चार वेळा. जोडताना हात अस्वच्छ असला तर जंतू थेट पोटात. आणि मग? सिस्टर म्हणाली, "मग जिवावर बेततं." हे सांगताना ती हसली नाही. एरवीही हसत नाही. मी तिचं नाव फौजदार ठेवलंय— मनातल्या मनात.

मुलाचा फोन. "बाबा, झेपेल का तुम्हाला? नाहीतर आईला डायलिसिस सेंटरला नेऊ, आठवड्यातून तीनदा." सेंटरला ही दोन महिने जाऊन आली आहे. चार-चार तास त्या खुर्चीत, थंडगार खोलीत. घरी आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. चहा विचारला तरी नाही. मी म्हटलं, झेपेल. शाळेच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं परीक्षानळ्या विसळल्यात मी, दोन हात धुता येणार नाहीत?

७ मार्च, शुक्रवार

नाही आले. म्हणजे आले, पण फौजदारच्या मापात नाही. साबण लावून चाळीस सेकंद, तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, मनगटं. मी पंधरात आटोपतो. घड्याळ बघायचं तर मान वर करावी लागते, चष्मा घसरतो. मनात आकडे मोजले तर पंचवीसच्या आसपास कुठेतरी गाडी रुळावरून उतरते— आणि मी दुसऱ्याच गावी.

मग सुचलं. आपली ओढ्याची कविता! चौथीच्या पुस्तकातली. डाव्या पानावर, वर चित्र— काळी-पांढरी गाय ओढ्याला तोंड लावून. गुरुजी टेबलावर छडीने ताल धरायचे आणि सगळा वर्ग झुलायचा.

*ओढा निघाला घरून*
*कुणा न काही बोलला*
*गोट्या-गोट्याच्या कानात*
*थोडा थोडाच हसला*

एक कडवं सावकाश म्हटलं की दहा सेकंद. चार कडवी, चाळीस. तंतोतंत! सिस्टरसमोर म्हणून दाखवली, तिने मोबाईलवर वेळ लावली. बेचाळीस. म्हणाली, "गाण्याचा त्रास पेशंटला होत नसेल तर माझी हरकत नाही."

ही आतून म्हणाली, "कोणत्या पुस्तकातली म्हणालात?"

"चौथीच्या."

"बरं," म्हणाली. चादरीची घडी करत बसली.

८ मार्च, शनिवार

बाजारच्या सॅनिटायझरचा वास हिला सोसत नाही. डोकं धरते. कसलीशी फुलं आणि कसलंसं फळ एकत्र सडल्यासारखं! शिवाय चिकट. म्हटलं, घरी करू. सिस्टरला विचारलं. तिने उलट विचारलं, "मोजून करणार की अंदाजाने?" अंदाजाने! मला! मी म्हटलं, "ताई, ब्युरेटच्या नळीतला अर्धा थेंब काचेला टेकवून घेणारा माणूस आहे मी." तिने कागदावर प्रमाण लिहून दिलं. आणि खाली रेघ मारून— "साबणाच्या जागी नाही. साबणानंतर."

११ मार्च, मंगळवार

आज बेत तडीस नेला. शाळेला माल पुरवणाऱ्या दुकानदाराकडून शहाण्णव टक्क्यांचं इथेनॉल. "काका, या वयात?" म्हणून त्याने डोळा मारला. मी म्हटलं, "बायकोसाठी." तो आणखीच हसला.

गॅस बंद, खिडक्या उघड्या, देवापुढचा दिवाही विझवला. मोजनळी डोळ्यांच्या रेषेत. इथेनॉल आठशे तेहेतीस मिली. हायड्रोजन पेरॉक्साइड, तीन टक्क्यांचं, बेचाळीस. ग्लिसरीन पंधरा— हे हातांना मऊ ठेवतं, पण नळीच्या काचेला असं बिलगतं की निघता निघत नाही. शेवटी थोड्या पाण्याने विसळून घेतलं. मग उकळून गार केलेलं पाणी, एक लिटरच्या खुणेपर्यंत. झाकण. हलकेच हलवलं. चिठ्ठी चिकटवली: पदार्थ, तारीख, आगीपासून दूर.

ही दारात उभी. "एक थेंब गुलाबपाणी घाला की."

"नाही."

"एकच."

"एकाने सुरुवात होते, मग चमचा होतो, आणि मग ते जंतूंना अत्तर लावल्यासारखं होतं."

"शाळेत कोणी ऐकत नव्हतं तुमचं," म्हणाली, "ते सगळं माझ्यावर."

तीन दिवस बाटली तशीच ठेवायची. बाटलीत चुकून जंतू गेला असेल तर तोही आतच मरतो. सॅनिटायझर चोळायला दोन कडवी पुरतात— ओढा निघाला, आणि गाय भेटली.

*वाटेत भेटली गाय*
*तिला पाजले रे पाणी*
*वाटेत भेटले झाड*
*त्याला ऐकवली गाणी*

१९ मार्च, बुधवार

हात फुटले. बोटांच्या पेरांवर चिरा. लिंबू पिळताना जीव वर आला.

२० मार्च, गुरुवार

सिस्टरने हात उलटेपालटे करून पाहिले, पोलीस ठसे घेतात तसे. "चीर म्हणजे जंतूला दार उघडं. गरम पाणी बंद, कोमट घ्या. टॉवेलने घासू नका, टिपा. झोपताना जाड मलम आणि सुती हातमोजे." पिशवीच्या कामाआधी मात्र तेलकट काही नको.

हातमोजे हिने जुन्या बनियनचे शिवून दिले. अंगठे दोन्ही डावे झालेत. मी घालून, फिरवून पाहिले. ही म्हणाली, "बोला, बोला, हसू नका नुसते."

प्रयोगशाळेत असताना मराठीचा वर्ग भिंतीपलीकडे होता. नळ्या विसळता विसळता ऐकायचो. पण पलीकडे कवितेला रंग चढला की घंटा व्हायची. अशा कितीतरी कविता मला अर्ध्याच येतात. पूर्ण येते ती ही एकच. हिला म्हटलं तसं. ही म्हणाली, "एक पूर्ण आली तरी पुष्कळ झालं."

३० मार्च, रविवार

चिरा भरल्या. हात हल्ली पटकन धुऊन होतात. सराव!

बाहेर आलेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर ठेवून बघायची असते. पिशवीतून अक्षरं वाचता आली की पाणी स्वच्छ. आज हवामानाचा अंदाज वाचला, मग शेजारच्या दोन जाहिरातीसुद्धा. ही म्हणाली, "वाचनालय उघडलंय माझ्या पोटात."

१२ एप्रिल, शनिवार

आधी चष्मा पुसला. मग वर्तमानपत्र बदललं. मग खिडकीशी नेली पिशवी.

अक्षरं दिसत नाहीत.

१६ एप्रिल, बुधवार

आज घरी आणली हिला. चार दिवस रुग्णालयात. ताप, पोटात कळा. पिशवीतूनच औषध सोडलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. कोणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मुलगा येऊन गेला. जिन्यात थांबून, हळू आवाजात— "बाबा, तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण पुन्हा झालं तर? शुक्रवारी सिस्टर येऊन तुम्हाला बघणार आहेत. त्या नाही म्हणाल्या तर सेंटर. मी नाव नोंदवून ठेवतो."

आत ही जागी होती. म्हणाली, "मला त्या खुर्चीत बसवू नका हो." एवढंच. मग भिंतीकडे तोंड.

१७ एप्रिल, गुरुवार

बाटली. बाटलीतच काहीतरी चुकलं असणार! सकाळपासून हेच. वहीतली ११ मार्चची नोंद काढली, कागदाशी ताडून पाहिली. बरोबर. तरी समाधान नाही. शाळेत गेलो. प्रयोगशाळेतली नवी बाई ओळखीची. तिने मद्यार्काची तीव्रता मोजायची काचेची नळी दिली. घरी आणून द्रावणात सोडली. डुलली, स्थिरावली.

ऐंशी टक्के. हवं तेवढंच. वर नाही, खाली नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण बाटली बरोबर असेल तर मग राहिलं कोण? टेबलावर दोन्ही हात ठेवून बघत बसलो. स्वच्छ दिसतात की! गोरेगोमटे. म्हाताऱ्याचे वाटत नाहीत.

१८ एप्रिल, शुक्रवार

सगळं लिहितो. नंतर राहायला नको.

सिस्टर दुपारी बाराला आली. मी बेसिनपाशी. तिने मोबाईल काढला. मी नळ सोडला, साबण घेतला, कविता सुरू केली. निघाला, हसला, गाय, झाड, नदी. हात धुऊन टिपले, वळलो— विजयी मुद्रेने!

"काका, एकतीस."

"शक्यच नाही. चार कडवी आहेत."

"पुन्हा धुवा."

पुन्हा धुतले. मुद्दाम सावकाश. तेहेतीस. मी म्हटलं, "मोबाईल चुकतोय तुमचा." आवाज चढला माझा. शाळेतसुद्धा कधी चढला नव्हता.

तेव्हा ही आतून म्हणाली, "पुलाचं राहतंय."

"काय?"

"पुलाचं कडवं. तिसरं."

मी म्हटलं, कसला पूल? या कवितेत पूल नाही. ओढा घरून निघतो, गाय-झाड भेटतं, आणि मग नदी. हिने पलंगावरून, डोळे मिटून, म्हणून दाखवलं:

*पूल म्हणाला, "थांब ना"*
*ओढा म्हणाला, "उशीर!*
*जाता जाता देतो हात,*
*खाली वाक, धर धीर"*

ऐकताना वाटलं, छान आहे. कोणीतरी पहिल्यांदा ऐकवावं तसं. मग लक्षात आलं. ७ मार्चला याच सिस्टरने बेचाळीस मोजले होते, म्हणजे तेव्हा मी हे म्हटलं होतं! आणि आज ते माझ्यात नाही. शोधलं तरी नाही. दात पडल्यावर जीभ जाते तिथे, पण इथे खाचही लागत नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना होईल."

"आणि तू रोज ऐकत होतीस? चार-चार वेळा?"

ही रडायला लागली. "वाटलं, एक कडवं गेलं तर गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही घाबरला असता. मला काय ठाऊक, ते माझ्याच पोटात जाणार होतं!"

सिस्टर खुर्ची ओढून बसली. पहिल्यांदाच बसली आमच्याकडे. म्हणाली, "काकू, त्या दहा सेकंदांनीच ताप आला असं कोणी सांगू शकत नाही. दहा सेकंद कमी आहेत, एवढं मी सांगते." मग माझ्याकडे वळून— "काका, विसरण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. मी चिठ्ठी देते. यात लाजायचं नाही."

मी विचारलं, "आणि सेंटर?"

तिने हिच्याकडे पाहिलं. ही डोळे पुसून उठून बसली, म्हणाली, "कविता मी म्हणते. माझी संपेपर्यंत यांनी धुवायचं. माझं डोकं शाबूत आहे, यांचे हात शाबूत आहेत. दोघं मिळून एक माणूस होतो की!"

फौजदार हसली! हसते ती. "एक महिना बघू," म्हणाली. "रोज वेळ लावून लिहून ठेवा. आणि कविता कागदावर उतरवून बेसिनच्या वर चिकटवा. म्हणणारा झोपला तरी भिंत जागी राहील."

बाटली औषधाच्या हिशेबात चोख निघाली. मीच एक कडवं कमी भरलो.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सहा— त्रेचाळीस. बारा— एक्केचाळीस. पाच— सत्तेचाळीस, मध्येच हिला खोकला आला, मी हात चोळत थांबलो.

पण एक कोडं. ही माझ्या शाळेत नव्हती. गावसुद्धा वेगळं. मग हिला पूर्ण कशी येते? त्यांनाही तेच पुस्तक असणार. उद्या कागदावर उतरवून घेतो तिच्याकडून, तेव्हा विचारीन.

२० एप्रिल, रविवार

ही म्हणाली, उतरवायला नको, आहे माझ्याकडे. शिवणाच्या डब्यातून घडीचा कागद काढला. पिवळा, घड्यांवर फाटलेला. चारही कडवी. अक्षर माझं. 'थोडा थोडाच'च्या आधी तीन शब्द खोडलेले, 'धीर'च्या जागी आधी 'तीर' होतं. पुस्तकातली कविता उतरवताना कोणी असं खोडत नाही. खाली माझी सही, आणि तारीख— लग्नाच्या दोन महिने आधीची.