बाटलीवरचं नाव

लिंबायत, सुरत

प्रिय गजू,

फोन केला की तू हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहिते. चौथी नापास बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस.

नंदुरबारला भरतीसाठी पळतोस, छाती फुगवून फोटो पाठवतोस. गल्लीभर दाखवून झाले. पण तिथं तुझं बीपी जरा वर निघालं, तर म्हणे धावून आलो म्हणून. तुझा बापही असाच. मगन पांडेसऱ्याला कपडा रंगवायचा, बीपी वर गेलं की म्हणायचा, मिलमधल्या उकाड्यानं. सकाळी मोरीत त्याच्या लघवीचा फेस राहायचा, तर म्हणे साबणाचा असेल. बाकी अंगानं बैल. चाळिशी गाठली नाही. शेवटी मशीनवर रक्त धुवायचे, तेव्हा सुई टोचायला जागा उरली नव्हती.

आता तुझ्या भावाचं, लखनचं ऐक. मिलमध्ये कायम करण्याआधी तपासणी झाली. त्याचंही बीपी काठावरच. रक्तात साखर ठीक, पण लघवीतून प्रोटीन गळतंय. डॉक्टरीण बाईनं विचारलं, घरात कोणाला किडनीचं होतं? मी म्हटलं, ह्याच्या बापाला. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, हे दुखत नाही, खुपत नाही, मुकाट आतून खातं. कधी धावपळीनं, तापानंही एखाद्या वेळी दिसतं, म्हणून पुन्हा तपासायचं. खरं निघालं तरी आत्ता धरलं तर आवरतं. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, आणि दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात नाहीत. लखन चोरासारखा उभा. मला वाटलं, भ्याला. जिन्यात कॉलर धरली, तेव्हा बोलला.

आखाजीच्या सणाला तू घरी होतास. आपला निकाल वाईट आला तर नोकरी जाईल, म्हणून ह्या गाढवानं तपासणीची लघवीची बाटली तुझ्या हातात दिली, आणि तू दुसरा गाढव, हसत भरून दिलीस. घरात धडधाकट तूच ना! नाव लखनचं होतं, गजू. आतलं तुझं. काल त्यानं स्वतःची तपासून आणली, साफ निघाली. तरी तोच रडत बसलाय. पाय दुखतात म्हणून रोज गोळी घेतोस, हे तूच मला सांगितलंस. आजपासून घेऊ नकोस. पत्र मिळेल त्या दिवशीच्या गाडीत बस. भरती पुढच्या वर्षीही निघेल. मी एक पोरगा मशीनला जोडलेला पाहिलाय, दुसरा पाहायला जगणार नाही.

वाट बघत नाही, बोलावते आहे.

तुझीच आजी,
भागीरथी