प्रश्न नसलेला उमेदवार

४ जून, मंगळवार
उकडलेले बटाटे वाढता वाढता केझियाने विषय काढला. तिला चर्चच्या मदर्स युनियनमध्ये जायचंय. त्यासाठी चर्चमध्ये अंगठी घालून लग्न झालेलं लागतं. आमचं लग्न झालंय की! सासऱ्याला रीतसर गाई दिल्या, दोन मुली मोठ्या होऊन कंपालात नोकरीला लागल्या. पण चर्च ते धरत नाही. चर्चमध्ये लग्न लावायचं तर नवऱ्याचं दृढीकरण हवं, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बिशपांनी डोक्यावर हात ठेवून पक्कं करून घेणं. केझियाचं लहानपणीच झालंय. माझा बाप्तिस्मा झाला आणि पुढचं राहून गेलं. २१ जुलैला बिशप आमच्या डोंगरावर येणार आहेत. दृढीकरण आणि लग्न एकाच दिवशी उरकतील. नंतर एकदम तीन वर्षांनी येतात म्हणे.

मी म्हटलं, फायनल. करून टाकू. केझियाने न मागता आणखी दोन बटाटे वाढले.

दर शनिवारी वर्ग. मला खरं तर वर्गाची गरज नाही. माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर प्रवचनं चालू असतात, ज्ञान आपोआप मुरतं. शिवाय रविवारी आत उपासना चालू असते तेव्हा आम्ही चार पुरुष बाहेर निलगिरीखाली धर्मचर्चा करतो. तिथे मला अजून कोणी हरवलेलं नाही.

८ जून, शनिवार
वर्गाला गेलो. शिकवायला हातभार लावावा म्हणून पुढच्या खुर्चीत बसलो. ती बाईंची निघाली. बाई म्हणजे फेरेसी, धर्मशिक्षिका, माझ्या धाकटीच्या वयाची. म्हणाली, एरियासाफूकाका, बाकावर बसा. बाकावर सगळी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि एक झेबुरोनी, दोनच दात उरलेला म्हातारा. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागत होते.

येशूच्या बारा शिष्यांची नावं विचारली. मी पौलापासून सुरुवात केली. एक चिमुरडी म्हणाली, पौल बारांत नव्हता. पोरांशी वाद घालणं वयाला शोभत नाही, म्हणून गप्प बसलो. पौल होताच.

फेरेसीची एक अजब पद्धत आहे. प्रत्येकाने दर वेळी एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा. बिशपांच्या हाताखालचे आर्चडीकनसाहेब त्यांच्या आधी मुलाखत घेतात, तेही हेच बघतात म्हणे. चिमुरडीने विचारलं, येशू कधी हसला होता का. झेबुरोनीने विचारलं, भावाला क्षमा केली, पण तो जेवायला येऊ नये असंच वाटतं, तर ती क्षमा धरतात का. हे काय विचारणं झालं! माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, मला प्रश्न नाही, कोणाला असले तर मला विचारा. पोरं खूप हसली. मोकळ्या स्वभावाचं मुलांना कौतुक असतं.

१५ जून, शनिवार, सकाळी
दाट धुकं. छाती धरेल. जात नाही.

संध्याकाळी
धुकं लगेच हटलं, पण तोवर निर्णय झाला होता. घेतलेला निर्णय फिरवणाऱ्यांतला मी नाही.

२२ जून, शनिवार
गावच्या चेअरमनचा रेडिओ दुरुस्तीला आला. त्यांना पुढच्या आठवड्यात हवा होता, पण कामात चालढकल मला जमत नाही. वर्ग हुकला.

केझिया जोंधळ्याची आंबील ढवळता ढवळता वर्गातली धर्माची प्रश्नोत्तरी म्हणून दाखवते आणि मला पुढचं विचारते. डोकं उठतं. मी तिला तोडगा सुचवला: तुला पाठ आहेच, तर आयत्या वेळी मागून कुजबुज. म्हणाली, स्वयंपाक तुमच्या वाटचा करते, धुणं करते, पण देवासमोर तुमच्या वाटचं मी कशी उभी राहू? बायकांना टीमवर्क कळत नाही.

२९ जून, शनिवार
गेलो! डोळे मिटून एकाग्र ऐकत होतो. मी घोरतो म्हणून झेबुरोनीने कोपराने ढोसलं. बाकावर बसलं की असले आरोप व्हायचेच.

वर्ग सुटल्यावर फेरेसीने थांबवलं. म्हणाली, “काका, एखादं उत्तर न येणं हा काही गुन्हा नाही. पण सगळं येतंच म्हणून तुम्ही दार लावून घेतलंत, तर मी काय करू?”

मी म्हटलं, दार उघडंच आहे, तू खुशाल जा. बिनतोड! घरी येईपर्यंत माझं मलाच हसू येत होतं.

६ जुलै, शनिवार
शांतपणे विचार केला. बारा नावं न आल्याने कोणाचं काय बिघडलंय? जोंधळा पिकतोच, रेडिओ वाजतोच. देव काय नावं विचारायला बसलाय? निलगिरीखालच्या मंडळींना हे शंभर टक्के पटलं. वर्गाला गेलो नाही.

थोरलीने कंपालाहून आईच्या लग्नाच्या पोशाखासाठी पांढरं कापड पाठवलं. केझियाने हात पुन्हा पुन्हा धुतले, मगच त्याला हात लावला. माझ्या कोटाची बटणंही शिवली.

१३ जुलै, शनिवार
शेवटचा वर्ग. केझियाचा चेहरा बघून ठरवलं, तिच्यासाठी का होईना, एक प्रश्न न्यायचा. दाढी करताना शोधला, वाटेत शोधला. सापडला नाही. इतकं ज्ञान असणं हाही एक तापच. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो.

१७ जुलै, बुधवार
मुलाखत. आर्चडीकनसाहेब किरकोळ देहाचे, सर्दीने हैराण. झेबुरोनी आत बराच वेळ होता, डोळे पुसत आला. मग मी. त्यांनी विचारायच्या आतच इस्राएलचे राजे क्रमाने म्हणून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, नाक शिंकरलं आणि विचारलं, “छान. आता तुम्हाला कळत नाही असं एखादं सांगा.”

“साहेब, तसं काही नाही,” मी म्हणालो.

“मग आम्ही तुम्हाला काय देणार?” ते म्हणाले. माझं नाव बिशपांपुढे ठेवणार नाहीत. पुढच्या खेपेला या म्हणाले.

माणूस माझ्यापुढे गांगरला, हे उघड आहे. केझियाला तसं समजावलं. तिने ऐकून घेतलं, दोन्ही मुलींना फोन करून रजा काढू नका म्हणून कळवलं आणि पांढरं कापड घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवलं. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

२१ जुलै, रविवार
बिशप आले. निलगिरीखाली उभं राहवेना, सगळे तेच विचारणार. म्हणून आत, शेवटच्या रांगेत बसलो. चिमुरडीचं झालं, झेबुरोनीचं झालं. बिशपांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा त्याने लहान पोरासारखे डोळे गच्च मिटले होते.

उपासनेनंतर लोकांनी आणलेल्या भेटींचा लिलाव होतो. एरवी तोवर मी दुकानात पोचलेला असतो. पुकारणारा एकेक वस्तू उचलून देणाऱ्याचं नाव सांगत होता. कोंबडी, मिसेस बाफाकी. मध, मिसेस तुर्याहिकायो. मग त्याने एक भोपळा उचलला, आमच्या परसातला.

“भोपळा, एरियासाफूच्या घरी राहणाऱ्या बाईकडून.”

कोणी हसलं नाही. कोणी वळून बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना सवय होती. केझिया सरळ समोर बघत होती. पुढे काय विकलं गेलं ते मला कळलं नाही.

परतताना चढावर तिला विचारलं, असं कधीपासून पुकारतात?

म्हणाली, “पहिल्यापासून. तुम्ही आत कधी थांबला नाहीत, आणि घरी कधी विचारलं नाहीत.”

मी विचारलं, तुला वाईट वाटतं का.

ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. “हे तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?”

नाही म्हणालो. मला फार लाज वाटली.

येत्या शनिवारी वर्ग आहे की नाही, माहीत नाही. फेरेसीला विचारावं लागेल.