भुताची जन्मवेळ

प्रिय काका,

मावशीचा निरोप आणि तुमचा निरोप एकाच पुडक्यातून आले, आणि दोघांचं एकमेकांशी काही जमत नाही. मावशी म्हणते, असशील तशी ये, तुझ्या काकाचे पाय सुजलेत, दोन घासांपलीकडे भात जात नाही, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुम्ही म्हणता, येऊ नकोस, तुझं पंचविसावं, घाताचं वर्ष चालू आहे, या वर्षात पाणी ओलांडू नये, आजाऱ्याच्या उशाशी बसू नये, वर्ष सरलं की ये. वर्ष सरायला अख्खा पावसाळा जायचाय, काका. तोवर तुम्ही थांबणार आहात का, ते दोघांपैकी कोणीच कळवलेलं नाही.

आम्ही सध्या सुरिन शहराच्या पुढे आहोत. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, पत्र पोचेपर्यंत तिसरंच गाव आलेलं असेल. ट्रकच्या सावलीत बसून लिहिते आहे. एक कुत्रं माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपलंय, त्यामुळे पाय हलवता येत नाही. ऊन असं आहे की पडद्याचे बांबूसुद्धा दमल्यासारखे दिसतात. मीही दमले आहे. रोज नवं गाव, रोज तोच पडदा, बांबूंसाठी तोच खड्डा खणायचा, तोच चिकट भात आणि पपईची तिखट कोशिंबीर. पूर्वी गाव बदललं की मला बरं वाटायचं. आता बदललेलं कळतसुद्धा नाही.

प्लेंगदादा तसेच आहेत. ट्रक त्यांचा, यंत्र त्यांचं, जंताचं औषध आणि मलमही त्यांचंच. सिनेमा फुकट आणि मध्येच थांबवून औषध विकायचं, हा धंदा तुम्ही पाहिलेला आहे. सिनेमातल्या सगळ्या पुरुषांचे आवाज ते काढतात, बायकांचे मी. परवा एका म्हाताऱ्या भिक्खूचा आवाज काढता काढता त्यांना खोकल्याची उबळ आली, तर थांबायचं सोडून माइकवर म्हणाले, “भिक्खूंना खोकला झालाय, बघा लोकहो, यांनी आमचं औषध घेतलं नव्हतं!” त्या दिवशी खोकल्याचं औषध संपलं. ट्रकवर खोकल्याचं औषध कधी नव्हतंच. जंताचंच दिलं असणार.

आणि सिनेमा कोणता, तर अजून तोच, ‘नावाड्याची लेक’. दुसरी रिळं आहेत, पण लोक तोच मागतात. बाया पोरांना पोटाशी घेऊन बसतात आणि मान वळवूनसुद्धा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात. रिळांवर इतके ओरखडे पडलेत, की पडद्यावर बारा महिने पाऊस पडतो. आवाज त्या रिळांना मुळातच नाही. म्हणून भूत मी. रोज दिवेलागणीला भोंग्यातून मी हाक मारते, “बाबा, नाव आणा!” आणि मैदानातली पोरं किंचाळतात.

तुम्हाला आठवतं, हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्याच देवळाच्या पटांगणात, मावशीच्या मांडीवर. बुडून मेलेली मुलगी रोज संध्याकाळी पलीकडच्या घाटावर उभी राहून बापाला हाक मारते, जो कोणी तिला आणायला जातो त्याची नाव रिकामी परत येते, आणि बाप अलीकडे वल्हं धरून बसून राहतो. सगळं गाव घाबरलेलं, आणि तुम्ही मात्र चटईच्या कडेला वाळूत बोटाने बारा घरं आखत होतात. भुताची पत्रिका! सिनेमाच्या सुरुवातीला सुईण म्हणते ना, “शनिवारची पोर, पाणी बघणार,” तेवढ्यावरून तुम्ही सगळं मांडलंत. शनी पाण्याच्या घरात. बापाच्या ग्रहाशी वैर. लोक पडदा सोडून तुमच्याभोवती गोळा झाले. त्या खेळाचा औषधवाला चिडला, म्हणाला, “ज्योतिषीबुवा, खेळ तुमचा का माझा?” तुम्ही म्हणालात, “तुझं भूत खोटं आहे, माझा शनी खरा आहे.” किती हसले होते लोक. मग कोणीतरी विचारलं, त्या नावाड्याने करायचं तरी काय? तुम्ही वाळूवर हात फिरवलात, सगळी घरं पुसलीत आणि म्हणालात, “कानात बोळे घालून बसायचं. शनी हाक मारणारच. त्याला ओ द्यायची नाही.”

मी लहान होते, पण मांडीवर झोपले नव्हते.

शनिवारची दुसरी पोर त्या पटांगणात मीच होते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, मला जरा उशिरा कळलं. मी झाले तेव्हा तुम्ही लांब उत्तरेला जत्रेत पत्रिका बघत होतात. निरोप आला, मुलगी झाली, शनिवारी. आणि घरी येताना बस उलटली, तुमचा पाय मोडला. तुम्ही शुक्रवारचे. शुक्र आणि शनी यांचं वैर तर आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मग पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. मला नावापुरतं देवळातल्या मोठ्या भिक्खूंना दिलं, राहायला कालव्यापलीकडे मावशीकडे ठेवलं, आणि मी तुम्हाला काका म्हणायचं ठरलं. ग्रहांना कळता कामा नये, मी कोणाची. ग्रह एवढे भोळे असतात का, असं मी एकदा मावशीला विचारलं, तर नारळाच्या गुळाची कढई ढवळता ढवळता ती म्हणाली, “ग्रहांचं माहीत नाही बाई, माणसं असतात.” आई गेली तेव्हासुद्धा मी देवळाच्या पटांगणात तुम्हाला काकाच म्हटलं, आणि आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या, पोर शहाणी आहे म्हणून.

संध्याकाळी मी घाटावर येऊन तुम्हाला हाक मारायचे. काका ऽ ऽ, जेवलात का? पलीकडून तुम्ही कंदील उचलून दाखवायचात. एकदा उचलला की ऐकलं, दोनदा हलवला की घरात जा. तोंडाने कधी ओ दिली नाहीत. मला वाटायचं, आवाज पोचत नसेल. पुढे मासेवाल्यांचे आवाज त्या पाण्यावरून किती सहज पोचतात ते लक्षात आलं. जाऊ दे. मी तक्रार मांडायला बसलेले नाही. कुत्र्याने कूस बदलली, पाय सुटला.

आता गंमत ऐका. मागच्या पौर्णिमेच्या सुमाराला एका गावात खेळ लावला. रिवाजाप्रमाणे भुताचा हात नावेच्या काठावर आला आणि प्लेंगदादांनी यंत्र बंद केलं. औषध काढलं. पण औषध कोण घेतंय? पुढच्या चटईवर दोन म्हाताऱ्या भांडत होत्या. एक सुपारीवाली, दात लाल झालेले, ती म्हणत होती, “कसला शनिवार? सुईण शुद्धीवर नव्हती.” दुसरी म्हणाली, “अगं, सिनेमात लिहिलंय ते.” “लिहिणाऱ्याला काय कळतंय! डोळे आहेत का तुला? पोर रडली तेव्हा घरात दिवा होता. मग भिक्खूंची नाव बघितलीस ना, ती नंतर आली, भिक्षेला. म्हणजे पोर झाली तेव्हा उजाडलेलं नव्हतं. उजाडल्याशिवाय दिवस बदलतो होय?” “सरकारी घड्याळात रात्री बाराला बदलतो.” “मग तुझ्या सरकारी घड्याळाचं लग्न लाव शनीशी!” सगळं मैदान दोन तट पडून भांडायला लागलं. प्लेंगदादा मलमाची डबी हातात धरून उभे. शेवटी लोकांनी सुरुवातीचं रीळ परत लावायला लावलं. आणि खरंच, दिवा होता. खिडकीत काळोख होता. भिक्खूंची नाव नंतर आली. म्हातारी उठून उभी राहिली आणि पडद्याकडे हात करून म्हणाली, “शुक्रवारची गं बाई माझी! उगाच बदनाम केली पोरीला.” मग तिनेच पहिली बाटली घेतली.

मी माइक हातात धरून बसले होते. माझी ओळ आली आणि गेली. प्लेंगदादा म्हणाले, “ए सारपी, भूत झोपलं का?” मला त्या ओरखड्यांमधून पडद्यावरचा दिवा दिसत होता आणि कानात मावशी होती. तुम्हाला माहीत आहे ती कशी बोलते, तीच गोष्ट शंभरदा. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला भात वाढताना म्हणते, “तू झालीस म्हणून निरोप आला तेव्हा भिक्खूंचा भात चुलीवरून उतरला नव्हता बघ. कालव्यावर काळोख होता. मी रडत बसले, पातेलं उतरवायचं राहिलं आणि भात लागला. त्या दिवशी भिक्खूंना लागलेला भात वाढला.” मी हे लहानपणापासून ऐकत आले आणि मला त्यातला फक्त लागलेला भात आठवायचा. सरकारी दवाखान्यात मध्यरात्र उलटली की शनिवार. नर्सने शनिवार सांगितला, निरोप्याने शनिवार आणला, तुमचा पाय मोडला. त्यानंतर वेळ विचारायचं कोणाला सुचणार? लोकांच्या पोरांची पत्रिका मांडताना तुम्ही दोनदा विचारायचात, “आधी सांगा, कोंबडा आरवला होता का, उजाडलं होतं का?” स्वतःच्या पोरीच्या वेळी तेवढं राहिलं.

त्या संध्याकाळनंतर मी रागावले असं तुम्हाला वाटेल. दोन-तीन गावं तसं झालंही. भुताची ओळ मी इतक्या मोठ्याने ओरडले की भोंगा चिरकला. मग तेही दमून गेलं. राग धरायलासुद्धा एका जागी बसावं लागतं, आणि आमचा तर रोज पडदा उतरतो.

मी पत्र लिहून तुमचं शास्त्र तुमच्यावरच उलटवणार होते. पण मग मावशीचं पुडकं आलं. वरती गुळाच्या वड्या, मुंग्या लागलेल्या. खाली तुमचा निरोप. आणि त्याच्याखाली ब्लाऊज. दर नव्या वर्षाला तुमच्याकडून मला जांभळं कापड येतं, शनिवारच्या पोरीचा रंग. माझ्या पेटीत जांभळ्याशिवाय काही नाही, प्लेंगदादा मला वांगं म्हणतात. या वेळचा ब्लाऊज निळा आहे. फिका, पहाटेच्या आभाळासारखा, शुक्रवारचा. मला आधी वाटलं, दुकानात जांभळं संपलं असेल. मग वाटलं, मावशीची चूक. ट्रक भरताना, पडदा गुंडाळताना, सगळा वेळ मी स्वतःला काहीतरी सांगत होते. तुम्ही शेवटच्या आजारात पडलात आणि पडल्या पडल्या जुनी पत्रिका पुन्हा मांडलीत, हो ना? मावशीला विचारलंत, ती झाली तेव्हा उजाडलं होतं का? आणि मावशीने तो लागलेला भात सांगितला. ती तर कोणालाही सांगते, तुम्हीच तेवढं विचारलं नव्हतं.

म्हणजे पंचविसावं वगैरे काही नाही. तुम्हाला शनीची भीती राहिलेली नाही, तोंड दाखवायची आहे. मी आत येईन, काका म्हणेन, आणि तुम्हाला ते ऐकवणार नाही.

‘नावाड्याची लेक’चं शेवटचं रीळ कधीच खराब झालंय, हे तुम्हाला सांगितलं होतं का? बाप नाव पाण्यात ढकलतो, मधोमध येतो, आणि तिथे फिल्म जळलेली आहे. पुढे पांढरा पडदा. मग शेवट प्लेंगदादा तोंडाने सांगतात. औषध चांगलं खपलं तर बाप मुलीला घेऊन घरी येतो, नाही खपलं तर दोघंही बुडतात. लोक दोन्ही शेवटांना रडतात. काल मी त्यांना म्हटलं, आजचा शेवट मी सांगते. ते म्हणाले, “सांग, पण आधी बाटल्या मोज.” मी मोजल्या नाहीत. मी म्हटलं, नाव पोचली. मुलगी नावेत बसली. तिचे पाय ओले होते, एवढंच. बापाने विचारलं, भूक लागली का? आणि दोघं घरी गेली. कोणी रडलं नाही. एक पोरगं म्हणालं, “हॅट्, हे काय भूत आहे?”

प्लेंगदादांना सांगून ठेवलंय, दोन आठवडे भुताशिवाय काम भागवा. ते म्हणाले, स्वतःच बाईचा आवाज काढीन, लोक जास्त घाबरतील. मी या पत्राच्या मागोमागच निघते आहे, कदाचित पत्राच्या आधीही पोचेन, तसं झालं तर हे मीच वाचून दाखवीन. संध्याकाळी पलीकडच्या घाटावर, मावशीच्या दारात उभी असेन, निळा ब्लाऊज घालून. एक हाक मला येते, रोज मारते, भोंग्यातून, अनोळखी गावांसमोर, भुताच्या तोंडून; माझ्या स्वतःच्या तोंडून तिचा पहिला शब्द आजवर निघालेला नाही. तो म्हणायला येते आहे, आणि आधी कळवते आहे, म्हणजे तुम्ही दचकणार नाही. कंदील उचलू नका, हात दुखेल. नाव मावशीचा जावई आणील. तुम्ही फक्त अंथरुणावरून, जमेल तेवढ्या आवाजात, ओ द्या, बाबा.

तुमचीच शुक्रवारची,
सारपी