दोराशी असलेल्याला हाक मारू नये

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करतो. पहिल्यांदा शाई नव्हती, मग पाकीट नव्हतं, मग दोन्ही होतं आणि धीर नव्हता. मध्ये एक आठवडा तर इथे रंग कालवणाऱ्या रंगाऱ्याच्या पाळलेल्या कासवाचा पाय बरा करण्यात गेला. तो बरा झाला, आता कासव सापडत नाही. ते असो.

आईला मी कळवलं होतं की रंगाचं काम मिळालंय. ते खोटं नाही. फक्त रंग भिंतीला नाही, गिरणीच्या धुराड्याला द्यायचा आहे. आणि ज्यांच्या हाताखाली काम करतो ते आपले काका. हो, तेच. ज्यांचा विषय निघाला की आई पाणी आणायला उठते ते.

काम असं आहे. काका एका फळीवर बसतात. फळीचा दोर धुराड्याच्या माथ्यावरच्या कप्पीवरून खाली येतो. खाली जमिनीत पुरलेला लोखंडी खुंटा, त्याला दोराचे दोन वेढे आणि दोराचं शेपूट एका माणसाच्या हातात. वरून एक झटका आला की थांबायचं, दोन आले की सोडायचं. बस. आधीचा दोरवाला कंबर धरली म्हणून गावी गेला आणि काकांनी शेपूट माझ्या हातात दिलं. माझ्या, ताई. ज्याला तू दूध बघायला बसवायचीस आणि दूध ऊतू जायचं, त्याच्या.

इथे एक नियम आहे. दोराशी असलेल्याला कोणी हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर मागे येऊन उभं राहायचं आणि वरचा माणूस खाली येईपर्यंत गप्प थांबायचं. मी रंगाऱ्याला याचं कारण विचारलं तर तो डबे ढवळायला लागला. मग काकांनाच विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. बाबांचा दोर नेहमी आई धरायची (हे तुला ठाऊक होतं का?). बाबा गेले त्या दिवशी मला ताप होता म्हणून ती घरी राहिली आणि दोर काकांकडे आला. मागून कोणीतरी हाक मारली, जेवण आलंय म्हणून. काकांनी ओ दिली. एवढंच म्हणाले, आणि ब्रश धुवायला गेले.

तेव्हापासून मला झोप नीट नाही. दिवसा हात घामेजतात. दोर धरला की नेमक्या साऱ्या जगाच्या गोष्टी आठवतात. आईला सांगू नकोस.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर मला लाज वाटेल.

तुझा,
भोवरा

९ मार्च

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ते दुकानात उघडलं आणि एका आजोबांच्या चष्म्याला त्यांच्या आजींची भिंगं बसवली. ते म्हणाले, पहिल्यांदाच बायकोच्या नजरेने जग बघतोय. म्हणजे तुझ्यापायी माझीही नोकरी जायची.

आई दोर धरायची हे मला ठाऊक होतं. मी खूप लहान होते, पण झाडाखाली चादरीवर बसवलेलं आठवतं आणि तिची पाठ आठवते. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आपल्या घरात दारं कमी आणि बंद खोल्या जास्त.

आता स्पष्ट लिहिते. तू ते काम सोड. तुला सोडायची सवय आहे, आजवर त्यावरून मी तुला बोलले, यावेळी बोलणार नाही. छापखाना सोडलास, बोट सोडलीस, त्या बिचाऱ्या मधमाश्याही सोडल्यास. हा दोर सोड, पण काका जमिनीवर असताना सोड आणि पहिल्या गाडीने घरी ये. मला काकांचा राग नाही. मला तुझी भीती वाटते. तू वाईट नाहीस रे, तू फक्त दुसरीकडे असतोस.

आईला काही बोलले नाही. पण तिने पाकीट हातभर लांब धरून पत्ता आणि मागची बाजू पाहिली आणि भोवऱ्याच्या मुक्कामाला एवढं मोठं धुराडं कुठून आलं, असं विचारत होती. मी म्हटलं, चित्र आहे. पाकिटाच्या मागे तूच ते काढून ठेवलं होतंस, शहाण्या.

माया आहेच. ती पोचल्याचं कळव.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कसं पोचलं ते ऐक.

काका अर्ध्याच्या वर होते. माझं चित्त, तुला खोटं वाटेल, पण दोरावरच होतं. म्हणजे बहुतेक. एक मुंगी खुंट्यावर चढत होती आणि दोराचा वेढा आला की वळसा घालून जात होती, तेवढं पाहत होतो. इतक्यात फाटकातून टपालवाला आला. नवा माणूस, त्याला नियम काय ठाऊक. त्याने माझं नाव घेऊन खणखणीत हाक मारली, ताईचं पत्र आलंय म्हणून.

आणि मी ओ दिली.

वळलोसुद्धा. दोर हातातून सरकला, वेढे सैल झाले, आणि वर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी दोन्ही हातांनी शेपूट आवळून पाठीवर पडलो. वर पाहिलं तर काका एका कुशीवर लोंबत होते आणि रंगाचा डबा धुराड्याला घासत खाली येत होता. तो माझ्या डोक्याशी फुटला. मला वाटलं रक्तच. लाल पट्ट्याचं काम चालू होतं.

काका उतरले. टपालवाला रडत होता, त्याला त्यांनी बसवून पाणी दिलं. माझे तळवे उलटे करून पाहिले, त्यावर मलम लावलं. शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, खांदा दोन-चार दिवसांत बरा होईल, मग धुराड्याच्या माथ्याला आवळलेलं लोखंडी कडं बदलायचं आहे, दोर तूच धरशील.

ताई, माथ्यावर वारा असतो. कडं बदलताना दोन्ही हात कड्यात गुंतलेले असतात, काही धरून राहता येत नाही. तेव्हा त्यांचा जीव फक्त माझ्या मुठीत. मी म्हटलं, रंगाऱ्याला द्या. रंगारीही माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, याला शेजारच्या दोन गल्ल्यांतली भांडणं ऐकू येतात, याला देऊ नका. मी म्हटलं, मी पळून जाईन. काका म्हणाले, गाडी सकाळी फाटकाशीच थांबते. मग विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का. म्हणाले, रोज वाटते, पण मी त्या दिवशी ठरवलं की हे काम मी सोडणार नाही आणि ओ देण्याला कधी क्षुल्लक म्हणणार नाही. त्यावर टिकून आहे, असं म्हणाले.

माझ्याकडे असं ठरवलेलं काही नाही. मी आजवर काहीच ठरवलेलं नाही, ताई. जिथे वारा नेईल तिथे गेलो. आणि आता जिथे वारा चालत नाही तिथे उभा आहे.

पिशवी भरून रंगाच्या डब्यांमागे लपवली आहे. काय करू ते लिही. लवकर लिही, पण टपालवाल्याला सांग, हाक मारू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भोवरा

२० मार्च

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तू घाबरलास, मी तुझ्यापेक्षा जास्त घाबरले.  आईने माझं तोंड पाहिलं, पत्र मागितलं आणि मी दिलं. यात चूक झाली असेल तर माझी. तिला जवळचं दिसत नाही म्हणून मलाच मोठ्याने वाचायला लावलं. तुझी दोन्ही पत्रं वाचली, कासवापासून.

 ती उठली आणि पाणी आणायला गेली. घागर भरलेली होती, तरी गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्याशेजारी येऊन बसली आणि आपणहून सांगू लागली. तिचे शब्द आठवतील तसे लिहिते. म्हणाली, दोर धरल्यावर मी त्यांचा विचार कधी केला नाही. त्यांचा विचार केला की हात कापायचे. खुंट्याला दोन वेढे दिले की मी एकदाच ठरवून टाकायचे, हा माणूस खाली येईपर्यंत मला जगात दुसरं कोणी नाही. घर पेटलं तरी नाही, पोर रडलं तरी नाही. एकदा ठरलं की पुन्हा पुन्हा ठरवावं लागत नाही, म्हणून हात थकत नाही. दमतो तो दर घटकेला ठरवणारा.

ते रडणारं पोर म्हणजे मी. झाडाखाली, चादरीवर. तिची पाठ मला का आठवते ते आत्ता कळलं. मला थोडं लागलं, मग वाटलं, तिने वळून पाहिलं नाही म्हणून तर संध्याकाळी बाबा मला खांद्यावर घेत होते.

मी विचारलं, मग भोवऱ्याला घरी बोलवू का. तर म्हणाली, त्याने पळावं की राहावं हे त्याचं, पण त्याला सांग, आपण कसे आहोत हे दोराला ठाऊक नसतं, आपण काय ठरवलंय एवढंच ठाऊक असतं. हे मला नीटसं समजलं नाही. तुला समजलं तर बघ.

मी मात्र अजूनही म्हणते, ये. मी आई नाही, माझ्यात तेवढं बळ नाही.

आणखी एक. आई आज सकाळी मावशीकडे गेली. आठवड्याभरात येते म्हणाली. निघताना पेटी उचकून तळातून काहीतरी काढलं. विचारलं तर म्हणाली, थंडीचं आहे. या उन्हाळ्यात.

माझा जीव तिथे अडकलाय, तो जपून ठेव.

तुझी,
ताई

२४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल पोचलं. टपालवाला फाटकाबाहेर उभा राहिला, मी त्याच्याकडे पाहीपर्यंत. त्याने टोपीसुद्धा काढली होती.

आज सकाळी गाडी आली. थांबली. चालकाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पिशवी डब्यांमागेच होती. गाडी गेली. मी शूर झालो असं समजू नकोस, गाडी वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडेच पाहत होतो. पण खुंट्याला दोन वेढे दिले आणि आईने सांगितलेलं केलं. एकदाच ठरवलं, काका खाली येईपर्यंत मला जगात कोणी नाही. तूसुद्धा नाहीस, रागावू नकोस.

काका माथ्यावर गेले. वारा होता. फळी भिंतीपासून लांब जायची आणि परत यायची, ते दोरातून मला कळत होतं. शेजारच्या गल्लीत भांडण लागलं, फार रंगलेलं, कोणाची तरी कोंबडी कोणीतरी लपवली होती. एरवी मी तिसऱ्या वाक्याला तिथे असतो. आज ते ऐकू येत होतं, पण माझं नव्हतं. भीती जागेवर होती. फक्त तिने दोर धरलेला नव्हता, मी धरला होता.

मग माझ्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. पायाशी सावली पडली. वाटलं टपालवाला, किंवा रंगारी. सावली हलली नाही, खोकली नाही. मी पाहिलं नाही. वरून एक झटका, मग दोन. सोडत गेलो, हातभर, हातभर. काकांचे पाय जमिनीला लागले तेव्हा मी शेपूट खुंट्याला बांधलं.

काका माझ्याकडे पाहतच नव्हते. माझ्या मागे पाहत होते आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी वळलो.

ताई, आई आली आहे.

मावशीकडे वगैरे नाही, इथे. काखेत गाठोडं, पायात घरातल्याच चपला. रंगारी म्हणतो, केव्हापासून उभी होती, तो पाणी घेऊन गेला तर मानेनेच नको म्हणाली. म्हणजे काका माथ्यावर असताना सगळा वेळ ती माझ्या पाठीशी होती आणि तिने हाक मारली नाही.

काकांना म्हणाली, भाऊजी, गाठ अजून तशीच गबाळी मारता. इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. मग माझे तळवे पाहिले. वर अजून किती उरलंय ते विचारलं. काका म्हणाले, कड्याची एक बाजू. तिने गाठोडं सोडलं आणि आतून चामड्याचे हातमोजे काढले, जुने, बोटांशी काळे पडलेले. घातले. मला बाजूला हो म्हणाली.

तेव्हा मी खरा घाबरलो. सकाळचं काहीच नव्हतं. दोर तिच्या हातात आणि फळीवर तो माणूस, ज्याने तिच्या माणसाचा दोर सोडला होता. काकांनाही ते कळलं असणार. त्यांनी फळीची गाठ सोडून पुन्हा बांधली, मग आणखी एकदा. आणि फळीवर बसले. आईने दोन वेढे दिले.

म्हणून हे पत्र लिहायला हात मोकळे आहेत. काका पुन्हा माथ्यावर आहेत. आई माझ्यासमोर आहे, पण मला तिची पाठच दिसते, तुला दिसायची तशी. मी झाडाखाली बसलोय. मला तिला शंभर गोष्टी विचारायच्या आहेत.

हाक मारलेली नाही.

तुझा,
भोवरा