प्रितमचा आवाज

३ नोव्हेंबर
पनवेलला आले आणि पहिल्याच दिवशी गाव आवडलं. कऱ्हाडपेक्षा हवा दमट आहे, पण खोली उजेडाची मिळाली आणि गच्चीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. ऑफिस एसटी स्टँडच्या मागे, चष्म्याच्या दुकानावर. जहाजांवर खलाशी पाठवणारी कंपनी आहे. मालक इंद्रजीत सर हसतमुख आहेत, शिपायालासुद्धा अहो-जाहो करतात.

काम सोपं. जहाजावर फोन लागत नाही, म्हणून पोरांचे आणि घरच्यांचे निरोपही कंपनीमार्फतच जातात-येतात. पोरांच्या घरचे लोक कंपनीच्या व्हॉट्सॲप नंबरवर कागद, फोटो, व्हॉइस नोट पाठवतात आणि चॅटबॉट उत्तरं देतो. फोटो पुसट असेल तर पुन्हा मागतो, पीडीएफ ज्याच्या त्याच्या फोल्डरला लावतो. त्याला जी फाइल उघडत नाही ती माझ्याकडे येते. आज एका आजोबांनी आधार कार्डाऐवजी म्हशीचा फोटो पाठवला होता. आईला फोनवर सांगितलं तर "वलू, पुरे गं" म्हणत ती हसून हसून दमली.

७ नोव्हेंबर
चिरनेरच्या चंद्रावतीबाईंची ओळख झाली, म्हणजे आवाजाचीच. मुलगा प्रितम जहाजावर असतो. त्यांचा फोन जुना, त्यामुळे काही व्हॉइस नोट बॉटला उघडत नाहीत आणि माझ्याकडे येतात. "बाला, जेवलास काय? वालाच्या शेंगा धरल्यान. तू आलास की मडक्यात पोपटी लावू." त्यांना वाचता येत नाही म्हणून मीही बोलूनच उत्तर पाठवलं, की मावशी, फोन तोंडाजवळ धरून बोला, आणि माझं नाव वल्लरी. त्यांना कोण आनंद झाला. मग बोलता बोलता लहानपणी मी विहिरीत पडले आणि आईने वेणी धरून ओढलं, तेही त्यांना सांगून झालं.

१२ नोव्हेंबर
आज एक व्हिडिओ आला. फार मोठा होता म्हणून बॉटने माझ्याकडे ढकलला. पाठवणारा देवेश, प्रितमबरोबरचा खलाशी.

जहाजाची थंड खोली. कोबीच्या पोत्यांशेजारी चादरीत गुंडाळलेला प्रितम, चेहरा उघडा. देवेश रडत सांगत होता की जूनमध्ये दोर तुटून लागला आणि हा जागीच गेला. कंपनीने प्रेत उतरवून घेतलं नाही. शेवटी समुद्रात सोडला. त्याच्या आईला कुणीतरी सांगा.

मी चंद्रावतीबाईंचं चॅट उघडलं. कालच त्यांना कंपनीच्या नंबरवरून व्हॉइस नोट गेली होती. "आये, मी बरा हाय. जेवलो." प्रितमचा आवाज. त्याच्या जुन्या नोट लावून ताडून पाहिला. त्याचाच.

१३ नोव्हेंबर
सरांना विचारलं. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, मी बॉटला हे शिकवलं नाही. पोराचे आवाज त्याच्याकडे साठले होते, बाई रोज विचारत होती, त्याने आपणहून उत्तर दिलं. तेव्हापासून बाई शांत झोपते, तक्रार नाही, पोलीस नाही. तुम्ही तिला याहून चांगलं काय देणार आहात, असं मलाच विचारलं.

मग माझ्यासमोर व्हिडिओ पुसून टाकला. माझ्या फोनवर एक प्रत आहे, हे मी बोलले नाही.

१६ नोव्हेंबर
चिरनेरला गेले. आईला पोराचं खरं कळायलाच हवं, एवढंच डोक्यात होतं.

चंद्रावतीबाई ओट्यावरच उभ्या होत्या, जशा वाटच पाहत होत्या. "तूच ती वल्लरी? माज्या बालानं सांगलंय, तू येशील नि त्याला मेला म्हनशील."

मी व्हिडिओ लावायला फोन काढला. त्यांनी तो हिसकून दगडावर आपटला, पुन्हा पुन्हा, काच हाताला लागेपर्यंत. बायका जमल्या. कुणीतरी माझे केस धरले. मी पळत सुटले तेव्हा मागे बाईंच्या फोनमधून मऊ आवाज आला, "आये, गेली का ती?"

१७ नोव्हेंबर
नवा फोन घेतला. आईला लावला. आई, मी बोलतेय म्हटलं. माझा आवाज ऐकूनही ती कोण बोलतंय म्हणाली.

वल्लरीची व्हॉइस नोट आलीय म्हणे, फोन चोरीला गेलाय, कुणी माझ्या आवाजात बोललं तर फोन कापून टाक. मी लहानपणीचं सांगायला लागले, विहिरीत पडले होते ते, तिने माझी वेणी धरून ओढलं ते. तेही ही बाई सांगेल असं वल्लरीने आधीच सांगितलंय, म्हणाली. आई रडत होती. माझ्या पोरीला सोडा म्हणत होती. फोन ठेवला.

१८ नोव्हेंबर
पोलीस ठाण्यात गेले. सर आधीच येऊन गेले होते. हवालदाराने मला ऐकवलं — माझाच आवाज, रडत, माफी मागत. माझं डोकं ठिकाणावर नाही, उपचार चालू आहेत, असं सांगत. घरी जा, ताई, म्हणाला.

१९ नोव्हेंबर
कऱ्हाडला आईच्या शेजारी राहणाऱ्या किशोरीकाकूंनी व्हॉइस नोट पुढे पाठवली, वर अभिनंदन लिहून. माझा आवाज. "काकू, मी जहाजावर चढले. आता फोन लागणार नाही. आईकडे लक्ष ठेवा."

मी खोलीत आहे. जहाजावर नाही. पण कंपनीच्या नंबरवरून असे आवाज ज्यांचे जातात, ते सगळे प्रितमसारखे —

२० नोव्हेंबर, दुपार
बॅग भरली. कऱ्हाडला जाते, आईसमोर उभी राहते. तोंड पाहिल्यावर तरी —

जिन्यात पावलं. दोघं-तिघं. दाराशी थांबली.

आई बोलतेय. बाहेरून. वलू, उघड गं, मी चुकले.

आई कऱ्हाडला आहे. मला माहीत आहे. ती एसटीत एकटी बसतच नाही. पण वलू फक्त तीच म्हणते — आणि ती रडतेय, त्या दिवशी फोनवर रडत होती तश्शी — कडी मी एका हाताने धरलीय, उघडणार नाही, पण जर खरंच आली असेल आणि त्यांनी तिला —