उतारा क्रमांक सतरा

प्रिय ताई,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. त्यावरून कसलंही अनुमान काढू नकोस. अनुमान हा शब्द मला ठाऊक होता, पण इंग्रजीच्या पेपरात त्याला वेगळे मार्क असतात हे आत्ता कळलं. हो, इंग्रजीचा पेपर. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसतेय मी, छत्तिसाव्या वर्षी. हसायचं असेल तर हसून घे आणि मग पुढे वाच.

सहा महिने झाले, रोज सकाळी सात ते साडेआठ शिकवणीला जाते. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर एक लांबट खोली आहे, तिथे बावीस मुलंमुली, सगळी सतरा-अठराची. मला मावशी म्हणतात. सर गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बाकांमधून फिरतात, म्हणून त्यांचं नाव घड्याळमास्तर. एका उताऱ्याला सात मिनिटं. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा एक नियम कायमचा लिहिलेला असतो, तो कुणी पुसायचा नाही: उताऱ्याबाहेरचं काही डोक्यात आणू नका. माझं घोडं सुरुवातीला तिथंच अडायचं. मधमाश्यांवरचा उतारा आला की मला समोरच्या इमारतीच्या सज्जाखालचं पोळं आठवायचं आणि उत्तर चुकायचं. हळूहळू जमलं. दहापैकी आठ, कधी नऊ. एकदा सर म्हणाले, मावशी, तुमची सीट पक्की समजा. त्या दिवशी आपल्या दुकानात येऊन मी एका बॅगेला चेन उलटी बसवली, इतकी हवेत होते.

मागच्या मंगळवारी सरांनी नवं सराव-पुस्तक वाटलं आणि उतारा क्रमांक सतरा काढायला सांगितला. एक बाई आहे, लोकांच्या बॅगा दुरुस्त करते. तिसऱ्याच ओळीत ती अडलेल्या चेनीवर मेणबत्तीचा तुकडा घासते आणि चेनीला म्हणते, आता रुसायचं नाही हं. माझं पेन थांबलं. बॅगा दुरुस्त करणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील, पण चेनीची समजूत काढणारी आपलीच आई. पहिलं पान उलटून पाहिलं, तर उतारे आणि प्रश्न लिहिणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव. एकोणीस वर्षांत तू आम्हाला जितक्या ओळी लिहिल्यास, त्याहून जास्त त्या एका पानावर होत्या.

आई इतरांचे प्रवास शिवते, असं लिहिलंयस. वा! आई हँडल शिवते, ताई. आणि दाभण बोटात घुसलं की ती जे बोलते ते कुठल्याच परीक्षेत छापता येणार नाही. दुकानाला तू खिडकी दिलीस, त्या खिडकीतून सोनेरी ऊन आणलंस. कुठली खिडकी? मागच्या भिंतीला एक पंख्याचं भोक होतं, त्यात पंखासुद्धा नव्हता. घर आणि दुकान एकच खोली, तिच्यात दोन खाटा मावत नव्हत्या म्हणून मी कापायच्या टेबलाखाली झोपायचे, तेवढं मात्र तुला बरं आठवलं नाही. आणि शेवटच्या परिच्छेदात मोठी मुलगी शिकायला निघते, धाकटी दारात उभी राहून हात हलवते, आणि तुझ्या मते तिनं ते घर स्वतः निवडलेलं असतं.

प्रश्न चौथा: धाकट्या मुलीबद्दल काय अनुमान काढता येईल? चार पर्याय. मी 'ब' लिहिला, तिला जायचं होतं पण जाता आलं नाही. 'क'मध्ये तिच्यासाठी कंटेंट असा शब्द होता. मला वाटलं, व्हिडिओचा कंटेंट म्हणतात ना, म्हणजे मजकूर, माल, तोच. एक मुलगी कंटेंट कशी असेल, छापायचीच चूक दिसते, म्हणून सोडून दिला. तर उत्तरसूचीत 'क' बरोबर! सरांनी समजावलं, अक्षरं तीच, पण बोलताना जोर दुसरीकडे द्यायचा, आणि मग अर्थ होतो समाधानी, आहे त्यात सुखी. मी म्हटलं, सर, ती समाधानी नव्हती. सरांनी फळ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. उताऱ्यात जे आहे तेवढंच, मावशी. शेजारची पोरगी मला हळूच म्हणाली, असू दे ना, एकच तर मार्क गेला. माझ्याबद्दलच्या प्रश्नात मला शून्य मिळालं आणि उत्तरसूची तुझी! आणि खरं सांगू, माझा पहिला अर्थच बरोबर होता. मी तुझा कंटेंटच होते.

आता उताऱ्याबाहेरचं. याच प्रवेश परीक्षेत तुझा पहिला प्रयत्न फसला होता, म्हणून तू निघालीस त्या वर्षी आपण दोघींनी एकदम फॉर्म भरले. माझा मीच भरला होता, फोटो चिकटवताना तू माझी वेणी सारखी केली होतीस. परीक्षेच्या आधी चार दिवस आई शिडीवरून पडली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. तू हॉस्पिटलमधून एकटी परत आलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, आई म्हणतेय एकीनं थांबायला हवं, आणि तिला वाटतं तू थांबावंस, तुझ्या हाताशी अजून वर्षं आहेत. आईच म्हणाली म्हटल्यावर काय बोलणार? मी थांबले. पुढच्या वर्षी तू नव्हतीस, मशीन होतं, गिऱ्हाईक होतं. मनात मात्र अढी बसली, ती तुझ्यावर नाही, आईवर. एकोणीस वर्षं मी तिला जेवायला वाढलं, तिचे गुडघे चोळले, आणि मनात एकच धरून बसले, की हिनं दोघींमधून तुला निवडलं. किती वेळा घालूनपाडून बोलले असेन तिला. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. मला वाटायचं, अपराधी आहे म्हणून गप्प बसते.

मंगळवारी दुपारी मी तो उतारा तिला वाचून दाखवला, एकेक वाक्य मराठी करून. तिला खिडकी आवडली. म्हणाली, बरी लावलीय, उजेड येईल. शेवटच्या ओळीला, धाकटीनं घर निवडलं म्हटल्यावर, तिनं मान हलवली आणि सहज म्हणाली, हो ना, तू नकोच म्हणाली होतीस परीक्षेला, घाबरली होतीस. मी विचारलं, कोण म्हणालं? ती म्हणाली, ताई. हॉस्पिटलात येऊन सांगून गेली, धाकटीला नाही झेपणार, तिला बोलू नकोस, आणखी खचेल. म्हणून मी कधी विषयच काढला नाही गं तुझ्यापाशी.

मी पुस्तक मिटलं. आई सुईत दोरा ओवायला लागली, तो काही ओवला जाईना, शेवटी मी ओवून दिला. मग मी तिला सांगितलं की मी असं कधीच म्हणाले नव्हते. तिनं सुई खाली ठेवली. एवढंच म्हणाली, मग इतकी वर्षं तू माझ्यावर रागावली होतीस होय? मला रडू आवरेना. तुला शिव्या द्यायला उसंतच मिळाली नाही, म्हणून आज देतेय. तू खोटारडी आहेस. एक खोटं माझ्या कानात घातलंस, दुसरं आईच्या, आणि मधल्या फटीतून निघून गेलीस. आणि वर त्याचा उतारा करून पोरांना त्यावर प्रश्न विचारतेस!

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, तेव्हा हे पत्र का लिहिलं ते सांगते. माफी माग म्हणून नाही. येत्या रविवारी माझी परीक्षा आहे, दहा ते एक. आईला आता एकटीला ठेवता येत नाही, बाथरूमपर्यंत हात धरावा लागतो. शेजारच्या काकू बसायला तयार होत्या, मीच त्यांना थांबा म्हटलंय. रविवारी नऊच्या आत तू ये. तू आली नाहीस तरी मी जाणारच, काकूंना एक हाक मारली की झालं, तेव्हा या खेपेला माझी परीक्षा तुझ्या हातात नाही, हे लक्षात ठेव. पण ये. दहाला पांढरी गोळी, अकराला दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, चहा बिनसाखरेचा, साखर मागितली तरी द्यायची नाही. मी निघताना दारात उभी राहून हात हलव. आणि मी गेल्यावर आई तुला विचारेल, हॉस्पिटलात तू तसं का सांगितलंस. ती विचारणार आहे, मंगळवारपासून तिनं तो प्रश्न तयार करून ठेवलाय. पर्याय दिलेले नाहीत. उत्तर पूर्ण वाक्यात दे.

तुझीच,
धाकटी