बाळासोंच्या नावानं पाठवलेले ड्रम

कोल्हापूर, १२ फेब्रुवारी १९८५

प्रिय नृसिंह,

तुझं पत्र पोचलं. तिकडची थंडी सोसत नाही म्हणतोस, म्हणून स्वेटर विणायला घेतलाय. रंग मात्र तुला न विचारता निवडला. शाहूपुरीतली जागा मालकानं विकली, तेव्हा आम्ही आता उद्यमनगरात, अप्पांच्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहतो. दिवसभर लेथचा आवाज असतो. सवय झाली. मे महिन्यात शाळेतून निवृत्त होईन. अप्पांची तब्येत बरी आहे. तू विचारत नाहीस, तरी मी दर पत्रात लिहिते.

परवा शाहूवाडीला विठाबाईंकडे लग्नाला गेलो होतो. त्यांच्या भाताच्या गिरणीवर अजून आपल्या ‘मैना’ मोटारीचं इंजिन चालतंय. अप्पांनी आणि त्यांचे भागीदार बाळासो यांनी मिळून तशा तीन मोटारी बनवल्या. पत्रा हातानं ठोकलेला, इंजिन मागं, दारं दोनच. एकोणसत्तर साली आपण तिघं आणि बाळासो पहिल्या ‘मैना’तून पन्हाळा चढलो, बाळासो दर वळणाला उतरून चाकांना हात लावून बघत होते. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, “पावणं, कुठल्या कंपनीची म्हणायची ही?” अप्पा म्हणायचे, “आमचीच की.”

पाच वर्षं दिल्लीला अर्ज गेले, मोटारी काढायचा परवाना आला नाही. तरी अप्पा चौथी मोटार बांधत राहिले. मग तू डिप्लोमा होऊन आलास आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणालास, “हे खेळणं आता पुरे करा.” तू चुकीचं बोललास असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. त्याच आठवड्यात अप्पांनी चौथीचा सांगाडा तोडून भट्टीत घातला आणि तू नोकरीला निघून गेलास. त्याला सात वर्षं झाली.

दिवाळीच्या पत्रात तू लिहिलंस, की नव्या मोटार कारखान्यात बाहेरून येणारे ब्रेक ड्रम आता तू तपासतोस. मी ते मोठ्यानं वाचलं. अप्पा तेव्हा जेवत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी सहा ड्रम ओतले, कातले आणि नमुना म्हणून बाळासोंच्या नावानं तुमच्याकडे पाठवले. स्वतःचं नाव का नाही, विचारलं, तर म्हणाले, “पोराच्या टेबलावर बापाचं नाव कशाला? उगंच हात अडकंल त्याचा.”

जानेवारीत सहाही परत आले. छापील कागदावर इंग्रजीत ‘नापास’, आणि खाली हातानं लिहिलेलं, की कातताना ड्रम लेथच्या पकडीत, चकमध्ये, फार आवळला होता, म्हणून सोडल्यावर तो नीट गोल राहिला नाही. अप्पांनी तो कागद मला वाचून दाखवला, सही अंगठ्याखाली झाकून. तुला अक्षर गिरवायला मी शिकवलं, मला सही कशाला लागते? म्हणाले, “नुसतं परत धाडलं न्हाय, कारण लिवलंय. ह्यो माणूस लेथवर उभा राहिलेला हाय.” मग बाळासोंना घेऊन सगळे ड्रम पुन्हा मोजले आणि कारखानाभर ऐकू जाईल असं ओरडले, “बरोबर धरलंय की!” तेव्हापासून तीन आठवडे, त्रेसष्टाव्या वर्षी, ते स्वतः लेथवर उभे होते. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

काल नवे बारा ड्रम ट्रकनं निघाले, पुन्हा बाळासोंच्याच नावानं. तुला कळवायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातलीय. तरी लिहिते आहे, पण ते पास कर म्हणून नाही. माप चुकलं असेल तर खुशाल परत पाठव, त्यांनाही तेच हवंय. फक्त कारण मागच्यासारखं हातानं लिही, आणि वाचणारा कोण आहे हे ठाऊक असू दे. या सात वर्षांत तुम्हा दोघांत झालेलं तेवढंच बोलणं आहे. आणि ड्रम पास झाले, तरीही दोन ओळी लिही.

शपथ मोडून,
तुझीच आई